सीट घेतली, पण पट्टा सैल!

आज बोलूया गाडीतल्या चाइल्ड सीटबद्दल. हिचा इतिहास बघितला की कळतं, सीट बनवणं त्या मानाने सोपं होतं, ती लोकांकडून नीट वापरून घेणं अवघड.

१९३० च्या दशकात अमेरिकेत अशा सीट आल्या, तेव्हा सुरक्षेचा विचारच नव्हता. पोरगं एका जागी बसावं आणि त्याला खिडकीबाहेरचं दिसावं, बस्स. १९६० च्या दशकात स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांनी अंतराळवीरांच्या आसनावरून कल्पना घेतली आणि बाळाला उलटं, म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसवलं. समोरून धडक बसली तर जोर मानेवर न येता अख्ख्या पाठीवर विभागला जातो.

मग कायदा आला. १९७८ मध्ये टेनेसी हे सीट सक्तीची करणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य. पण त्यात एक पळवाट होती: बाळ मोठ्या माणसाच्या हातात असेल तर चालेल! आता गणित बघा. ५० च्या स्पीडने जाणारी गाडी धडकून ०.१ सेकंदात थांबली, तर १० किलोचं बाळ धरायला साधारण १४० किलोचा जोर लागतो. कोण धरणार? ती पळवाट १९८१ मध्ये बंद झाली.

तरी १९९६ च्या एका अमेरिकी अभ्यासात सुमारे ८० टक्के सीट चुकीच्या वापरलेल्या आढळल्या. म्हणून २००२ पासून तिथल्या नव्या गाड्यांमध्ये सीट अडकवायला पक्के हुक आले. २०११ च्या पाहणीत प्रमाण ४६ टक्के. पद्धती वेगळ्या, त्यामुळे थेट तुलना नको. पण चुका संपल्या नाहीत हे नक्की. आम्ही कोड लिहिणारे 'युजरची चूक' म्हणून हात झटकतो. इथे तसं करून चालत नाही.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर १००० रुपये दंड आहे. पण दंड वाचला म्हणजे मूल वाचलं असं नाही. म्हणून निघण्याआधी तीन गोष्टी बघा. बेल्ट जिथून जातो तिथे सीट धरून हलवा, इंचाहून जास्त हलायला नको. खांद्यावरचा पट्टा चिमटीत यायला नको. आणि एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर उलटी सीट कधीच नको.

अर्धा मिनिट लागतो. भेटू पुढच्या भागात!