हळू आवाजातलं गाणं

लहानपणी कारंज्यात गुरुमंदिराच्या आरतीला आम्ही पोरं टिपेला गायचो. गाणं म्हणजे मोठा आवाज, हीच समजूत! जुन्या संगीत नाटकांतही गळा शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावा लागे. मायक्रोफोन आला आणि गाणं जवळ आलं. गजानन वाटव्यांनी (१९१७-२००९) भावगीत लोकप्रिय केलं. खळ्यांच्या चालीवर अरुण दाते 'शुक्रतारा' जणू शेजारी बसून गायले. तिकडे ब्राझीलमध्ये १९५८ साली जोआव जिल्बेर्तोचा बोसा नोव्हाही असाच, गुणगुणल्यासारखा.

परवा आजारी आईच्या उशाशी गायला बसलो. आवाज चढवला, तशा तिच्या कपाळावर आठ्या. हळू गायलो, तर श्वास पुरेना! मोठ्या आवाजात लपणाऱ्या चुका इथे उघड्या पडतात. रोज शिकतोय. काल मात्र ऐकता ऐकता आईला झोप लागली.