पाच माशीमार, एक चेहरा : ओळखायचे कसे?



अमेरिकेच्या पूर्व भागात राहणाऱ्या पक्षीप्रेमींसाठी मे महिना म्हणजे दिवाळीच. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत हिवाळा काढलेले पक्षी या दिवसांत उत्तरेकडे परततात. कार्डिनल, ब्लू जे आपली मुलेसुद्धा चटकन ओळखतात. पण फांदीच्या टोकावर बसलेला, हिरवट-करड्या रंगाचा, पंखांवर दोन फिकट पट्टे असलेला चिमणीएवढा पक्षी दिसला की पंचाईत होते. पुस्तकात पाच चित्रे, आणि पाचही सारखीच!

हे एम्पिडोनॅक्स प्रजातीतले फ्लायकॅचर, म्हणजे माशीमार. या ग्रीक नावाचा अर्थ 'चिलटांचा राजा'. हिवाळ्यात महाराष्ट्रात येणाऱ्या तांबड्या छातीच्या माशीमाराचे आणि यांचे कूळ मात्र वेगळे आहे.

आधी हे दोन वगळा

ईस्टर्न फीबी : डोके गडद, चोच काळी, पंखांवर ठळक पट्टे नाहीत. बसल्या बसल्या शेपटी खाली झुकवत राहतो.

ईस्टर्न वुड-पीवी : डोळ्याभोवती ठळक कडे नाही, पंख लांब, शेपटी फारशी हलवत नाही. 'पी-अ-वी' अशी लांबलचक शीळ घालतो.

हे दोन्ही नसतील, तर पुढच्या पाच जणांकडे वळू.

पाच जणांची ओळख

१. लीस्ट : पाचांत सर्वांत लहान. डोळ्याभोवती ठळक पांढरे कडे, चोच आखूड, पंख आखूड. वसंतात सहसा सर्वांत आधी येतो. विरळ झाडीत आणि जंगलाच्या कडेला राहतो. कोरड्या आवाजात 'चे-बेक, चे-बेक' चालू असते.

२. अकेडियन : चोच मोठी व रुंद, मिटलेल्या पंखांची टोके लांब, पाठ हिरवी. ओढ्याकाठच्या जुन्या, दाट सावलीच्या जंगलात घरटे करतो. गाणे एकदम फुटल्यासारखे : 'पीट-सा!'

३. यलो-बेलीड : पोटाबरोबर गळाही पिवळसर, हीच मुख्य खूण. उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलात, शेवाळाच्या दलदलीत जमिनीवर घरटे करतो. गाणे लीस्टसारखेच, पण मऊ : 'च-लेक'. शरदात इतरांच्या पोटावरही पिवळी झाक असते, म्हणून तेव्हा गळा नीट बघावा.

४. विलो : डोळ्याभोवतीचे कडे जवळजवळ नाहीच. पाण्याजवळच्या उघड्या झुडपांत राहतो. गाणे शिंकल्यासारखे : 'फिट्झ-ब्यू'.

५. ऑल्डर : दिसायला थेट विलो. याची वस्ती जास्त उत्तरेला, ओलसर झुडपांत. गाणे 'फी-बी-ओ', मधल्या 'बी'वर जोर.

राहण्याच्या जागेची खूण जून-जुलैत, घरट्यांच्या हंगामात जास्त भरवशाची. मे महिन्यात प्रवासातला माशीमार तुमच्या अपार्टमेंटमागच्या झाडावरही उतरू शकतो.

दुर्बिणीपेक्षा कान महत्त्वाचे

विलो आणि ऑल्डर १९७३ पर्यंत एकच जात मानले जात. त्या जातीचे नाव ट्रेल्स फ्लायकॅचर. त्यांना वेगळे करताना गाण्यातला फरक महत्त्वाचा ठरला. शिवाय हे गाणे शिकवावे लागत नाही. आईबापांचे गाणे न ऐकता वाढलेली पिल्लेही आपल्याच जातीचे गाणे गातात, असे डोनाल्ड क्रूड्स्मा यांनी १९८४ साली प्रसिद्ध केले. (आपल्याला मात्र रविवारची मराठी शाळा चालवावी लागतेच!)

गाणे थांबले की छोटी हाक ऐका. ऑल्डर 'पिप' म्हणतो, विलो 'व्हिट'. लीस्टची हाकही 'व्हिट'च, पण जास्त कोरडी. कॉर्नेलच्या मर्लिन ॲपमध्ये २०२१ पासून आवाजावरून पक्षी ओळखायची सोय आहे. तिने सुचवलेले नाव हा अंदाज समजावा आणि स्वतःच्या कानाने खात्री करावी.

पक्षी गप्प असेल तर?

शरदातल्या परतीच्या प्रवासात हे पक्षी फारसे गात नाहीत. अशा वेळी ओढूनताणून नाव देऊ नये. ई-बर्डवर 'ऑल्डर किंवा विलो' आणि 'एम्पिडोनॅक्स, जात अनिश्चित' अशा नोंदी करता येतात. प्रोग्रॅममध्ये 'नल' ही वैध किंमत असते, तशीच ही वैध नोंद आहे.

यात कमीपणा वाटायचे कारण नाही. तज्ज्ञांच्याही रेषा बदलतात. पश्चिमेकडच्या वेस्टर्न फ्लायकॅचरचे १९८९ मध्ये दोन जातींत विभाजन झाले, आणि २०२३ मध्ये त्या पुन्हा एक झाल्या.

चुकीच्या नावाचा तोटा मात्र खरा आहे. अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या नद्यांकाठी राहणारी विलोची उपजात १९९५ पासून संघराज्याच्या धोक्यातील प्राण्यांच्या यादीत आहे. असे पक्षी कुठे उरले आहेत हे नोंदींवरूनच कळते. अंदाजाने लिहिलेले एक नाव अभ्यासकांना पक्षी नसलेल्या ठिकाणी शोधायला लावू शकते.

म्हणून मुलांबरोबर जाताना वहीत क्रमाने पाच गोष्टी लिहा : तारीख, जागा, डोळ्याभोवतीचे कडे, चोच व पंखांची लांबी, आणि आवाज. नाव सर्वांत शेवटी, आणि खात्री असेल तरच.