नळी, काडतूस आणि माशी : हरणाच्या शिकारीतले विज्ञान

काशीमिऱ्याहून ठाण्याकडे निघाले की वरसाव्याच्या पुढे डाव्या हाताला वसईची खाडी दिसते आणि उजव्या हाताला डोंगर. हा डोंगर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची उत्तरेकडची बाजू. मीरा-भाईंदरच्या वस्तीला लागूनच असलेल्या या जंगलात आजही चितळ, सांबर आणि भेकर आहेत, आणि त्यांच्यावर जगणारा बिबळ्याही आहे.

एके काळी अशा जंगलात हरणाच्या शिकारीला निघणाऱ्याला तीन गोष्टी ठरवाव्या लागत : बंदूक कोणती, काडतूस कोणते आणि नेम कशाने धरायचा? यांपैकी पहिल्या प्रश्नात यामिकी आहे, दुसऱ्यात रसायन आणि तिसऱ्यात प्रकाशशास्त्र. या तिन्हींची उत्तरे शंभर वर्षांत कशी बदलली आणि त्यामुळे हरणाचे काय झाले, ते पाहू.

ठासणीची बंदूक

कोकणात हा शब्द अजून ऐकू येतो. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी टाकायची आणि गजाने ठासायची. नळी आतून गुळगुळीत असे आणि गोळी तिच्यात सहज उतरावी म्हणून किंचित लहान. त्यामुळे बार उडाला की गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे. शेवटचा धक्का ज्या बाजूचा, त्याच्या उलट बाजूला ती भरकटे. पन्नास-साठ पावलांपलीकडे नेमाचा भरवसा नसे. म्हणजे शिकाऱ्याला बिबळ्यासारखेच वाऱ्याची दिशा पाहत, पाचोळा न वाजवता, दबकत जवळ जावे लागे.

यावर उपाय युरोपात फार पूर्वीच सापडला होता. नळीच्या आत मळसूत्रासारखे आटे पाडले की गोळी स्वतःभोवती गिरक्या घेत बाहेर पडते. फिरणारा भोवरा जसा आपला अक्ष सोडत नाही, तशी ही गोळी आपली दिशा धरून राहते. पण आट्यांत घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून ठोकत आत घालणे वेळखाऊ होते. १८४९ साली फ्रान्समध्ये मिनिये याने बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी केली. ती सैलपणे आत उतरे आणि स्फोटाच्या दाबाने फुगून आट्यांत बसे.

याच तत्त्वावरची १८५३ ची एन्फील्ड रायफल हिंदुस्थानात आली. तिचे कागदी काडतूस दातांनी फाडावे लागे आणि त्याला चरबी लावलेली असे. पुढचा १८५७ चा इतिहास आपण वर्गात शिकवतोच. 'काडतूस' हा शब्द मात्र इंग्रजांचा नाही. तो पोर्तुगीज 'कार्तुशु'वरून मराठीत आला आहे.

धूर गेला, वेग वाढला

१८६० च्या दशकात मागून भरायच्या रायफली आणि धातूची काडतुसे आली. पितळी टोपण स्फोटाच्या वेळी प्रसरण पावून नळीचे मागचे तोंड बंद करते आणि दाब उतरला की आकुंचन पावून सुटे होते.

दारू मात्र जुनीच होती : सोरा, गंधक आणि कोळसा. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो. तोच पांढरा धूर आणि नळीतली काजळी. १८८४ मध्ये पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू तयार केली. ती जवळजवळ सगळी वायुरूप होत असल्यामुळे गोळीला वेग कितीतरी जास्त मिळू लागला.

किती जास्त? हे गणित वर्गात करून घेण्यासारखे आहे. काळ्या दारूच्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी सुमारे ३१ ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला सुमारे ४०० मीटर. नंतरच्या .३०३ रायफलीची गोळी सुमारे ११ ग्रॅमची आणि वेग सुमारे ७४० मीटर. हवेचा विरोध सोडून दिला तर २०० मीटर जायला पहिलीला ०.५० सेकंद लागतात, दुसरीला ०.२७. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणामुळे (½gt²) पहिली सुमारे १२० सेंटिमीटर खाली येते, तर दुसरी सुमारे ३५. गतिज ऊर्जा (½mv²) काढली तर एक तृतीयांश वजनाची गोळी जड गोळीपेक्षा जास्त ऊर्जा घेऊन जाते, कारण तिथे वेगाचा वर्ग येतो.

चितळ खांद्याशी सुमारे ९० सेंटिमीटर उंच असते आणि त्यातली निम्मी उंची पायांची. जुन्या रायफलीने अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी गोळी पोटाखालून जाई. नव्या रायफलीने ही चूक पोटात घातली.

कायद्याने ठरवलेली बंदूक

इथे एक गंमत आहे. हिंदुस्थानात शिकारीची रायफल केवळ प्राणी पाहून निवडता येत नसे. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने हिंदी माणसाला परवाना लागे, युरोपीयांना मात्र सूट होती. शिवाय लष्करी काडतुसे बंडखोरांच्या हाती जातील या भीतीने सरकारने .३०३ आणि .४५० बोअरच्या रायफली खासगी लोकांना बंद केल्या. .४५० वरची बंदी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. त्यावर विलायती बंदूककारांनी .४६५, .४७० अशी नवी मापे काढली. स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात खासगी परवानाधारकांसाठी .३१५ बोअरची रायफल होऊ लागली, कारण तिच्यात लष्कराचे काडतूस बसत नाही.

गोळीच्या टोकाचा इतिहासही असाच चमत्कारिक आहे. कठीण कवचाची वेगवान गोळी प्राण्याच्या आरपार जाते आणि तो जखमी होऊन पळतो. कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्यात १८९० च्या दशकात टोकाशी उघडी, आदळल्यावर पसरणारी गोळी तयार झाली. १८९९ च्या हेग परिषदेने अशा गोळ्या युद्धात क्रूर म्हणून निषिद्ध ठरवल्या. शिकारीत मात्र मऊ टोकाचीच गोळी योग्य मानली गेली, कारण तिने प्राणी लवकर मरतो आणि तडफडत दूर जात नाही. एकच गुणधर्म एका ठिकाणी क्रूर आणि दुसऱ्या ठिकाणी दयाळू!

माशी आणि दुर्बीण

साध्या नेमात तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात : डोळ्याजवळची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि सावज. तिन्ही वेगवेगळ्या अंतरांवर, आणि डोळ्याचे भिंग एका वेळी एकाच अंतरावर केंद्रित होते. त्यामुळे दोन गोष्टी नेहमी अंधूक दिसतात. रायफलीवरच्या दुर्बिणीत सावजाची प्रतिमा फुलीच्या तारांच्याच प्रतलात पडते, म्हणून दोन्ही एकदम स्पष्ट दिसतात.

मग सर्वांत जास्त मोठे करून दाखवणारी दुर्बीण घ्यावी का? नाही. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले वर्धन, एवढ्या जाडीचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. ३२ मिलिमीटरचे भिंग आणि चौपट वर्धन असेल तर ८ मिलिमीटर. अंधारात माणसाची बाहुली फार तर ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. वर्धन आठपट केले तर झोत ४ मिलिमीटरचा होतो आणि हरणे चरायला निघतात त्या संधिप्रकाशातच चित्र काळवंडते.

अंतर

हरणाचे कान, नाक आणि कडेला असलेले डोळे बिबळ्याच्या अंतरासाठी घडले आहेत. बिबळ्या दबकत वीस-पंचवीस पावलांवर आला तरच त्याची झेप साधते, आणि बहुतेक वेळा हरणाला त्याआधीच चाहूल लागते. ठासणीची बंदूकही साधारण याच अंतरात काम करी. आट्यांची नळी, बिनधुराचे काडतूस आणि दुर्बीण एकत्र आल्यावर मृत्यू दोनशे मीटरवरून येऊ लागला. तिथे चाहूल लागण्याचा प्रश्नच नव्हता.

हे काही शिकाऱ्यांच्याही लक्षात आले. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते. तिच्या सभासदांत शिकारी पुष्कळ होते. त्यांच्याच नोंदींतून प्राणी कुठे कमी होत आहेत ते कळत गेले. मुंबई राज्याच्या १९५१ च्या वन्य पशुपक्षी संरक्षण कायद्यामागे याच संस्थेचे हुमायून अब्दुलअली यांचे मोठे काम होते. १९७२ च्या केंद्रीय कायद्यात चितळ आणि सांबर 'मोठी शिकार' या सूचीत होते व परवान्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती तरतूदही काढून टाकली. त्यामुळे हरणासाठी कोणती रायफल घ्यावी, हा प्रश्न आपल्याकडे आता इतिहासाचा झाला आहे.

शाळेच्या मैदानावर एक प्रयोग करून पाहावा. ४० सेंटिमीटर उंचीचा पुठ्ठा आधी वीस पावलांवर धरावा, मग मैदान पुरेल तेवढा लांब. डोळे मिटलेल्या एका विद्यार्थ्याच्या दिशेने दुसऱ्याने वाळल्या पानांवरून चालत यावे. किती पावलांवर चाहूल लागते ते मोजावे आणि ते अंतर फळ्यावर २०० मीटरच्या शेजारी लिहावे.