बाष्पनशील वनस्पति-तेले (कडधान्यरक्षक)

वनस्पतींची पाने, फुले, साली वा मूलस्तंभ यांपासून ऊर्ध्वपातनाने मिळणारी व हवेत सहज उडून जाणारी सुगंधी तेले. साठविलेल्या कडधान्यांतील भुंगेऱ्यांच्या बंदोबस्तासाठी त्यांचा उपयोग होतो.

कीड : कुंभकोणम्‌नजीकच्या तिरुनीलक्कुडीच्या आसमंतात, किंबहुना कावेरीच्या साऱ्या त्रिभुज प्रदेशात, भाताच्या कापणीपूर्वी आठ-दहा दिवस उभ्या पिकातच उडीद व मूग फोकून पेरण्याची वहिवाट आहे. उरल्या ओलीवर पोसलेले हे पीक उन्हाळ्याच्या तोंडावर कोठारात येते, आणि पक्व शेंगांवर घातलेल्या अंड्यांच्या रूपाने शेतातूनच सोबत आलेली कीड तेथील उष्म्यात झपाट्याने वाढते. कॅलोसोब्रुकस मॅक्युलेटस व कॅ. चायनेन्सिस या तिच्या प्रमुख जाती होत. मादी दाण्यांवर एकेक अंडे चिकटविते. अळी अंड्याच्या तळाशीच भोक पाडून दाण्यात शिरते व सुमारे महिनाभराने प्रौढ भुंगेरा वाटोळे छिद्र पाडून बाहेर पडतो. प्रौढास अन्न लागत नाही. सारी नासाडी अळीची असते.

क्रिया : लवंगेतील युजेनॉल, गवती चहातील सिट्राल, निलगिरीतील सिनिओल इत्यादी घटकांची वाफ श्वसनरंध्रांवाटे शरीरात जाऊन कीटकाच्या मज्जासंस्थेवर आघात करते, अंडी मारते व मादीस परावृत्त करते. वेखंडातील असारोन कीटकांस वंध्यत्व आणते, हे जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९७७ साली दाखवून दिले. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात हस्तलिखितांच्या रक्षणासाठी वेखंड, लवंग, मिरी, दालचिनी व कापूर यांच्या पुरचुंड्या ठेवण्याचा प्रघात अशाच कीटकरोधी गुणांवर आधारलेला आहे.

स्थिर तेलांशी तुलना : तिळतेल किंवा एरंडेल हे उडून जात नाही, किलोभर दाण्यांस ५ ते १० मिलि. चोळल्यास त्याचा लेप अंड्यांचा श्वासोच्छ्वास रोखतो.

मर्यादा : बाष्पनशील तेलाचा अंमल वाफ टिकेल तितकाच असल्याने उघड्या पोत्यात ते फारसे फलदायी ठरत नाही, झाकण घट्ट बसणारे पात्र, सुकविलेले धान्य आणि मळणीनंतर लगेच केलेली योजना यांवाचून त्याचा भरवसा धरता येत नाही, कारण दाण्यात दडलेल्या अळीपर्यंत वाफ पुरेशी पोचणे कठीण असते. बीटा-असारोनाने उंदरांत अर्बुदे उद्‌भवल्याचे आढळल्यामुळे वेखंड-तेलाचा वापर खाण्याच्या धान्यात टाळून तो बियाण्यापुरताच ठेवणे इष्ट होय.