बीड जिल्ह्यांतील निजामी दफ्तर व त्याच्या संगणकीय नकला

मराठवाड्यांतील निजामी अमदानीच्या कागदांकडे संशोधकांची दृष्टि जावी तितकी गेलेली नाहीं. पेशवे दफ्तराचा एकेक रुमाल सोडून पाहणारे आम्ही लोक बीड-अंबाजोगाईकडील महसुली बासनांपाशीं आलों म्हणजे, हे तर शेतसाऱ्याचे हिशेब, असें म्हणून पुढें जातों. इ. स. 2023 सालीं मात्र या हिशेबांना एकाएकीं मोल आलें, आणि तें आमच्या खटपटीमुळें नव्हे.

त्या सालच्या 7 सप्टेंबरच्या शासननिर्णयानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्यांत आली. मराठवाड्यांतील मराठा अर्जदारांस कुणबी जातीचे दाखले देतांना निजामकालीन महसुली व शैक्षणिक अभिलेख, वंशावळी, करार व सनदा कशा तपासाव्या, हें ठरविणें तिचें काम. ऑक्टोबरअखेर सरकारनें जाहीर केलें कीं, 1 कोटि 72 लक्ष कागद तपासून 11,530 नोंदी मिळाल्या. म्हणजे सुमारें दीड हजार कागदांमागें एक. उर्दू व मोडी कागदांचें भाषांतर करून, ते संगणकांत उतरवून व प्रमाणित करून सर्वांस पाहावयास खुले करावे, असेंही त्याच वेळीं ठरलें. आरक्षणाचा वाद हा या पृष्ठांचा विषय नव्हे. परंतु सामान्य कुटुंबांच्या मुलांचें शिक्षण व नोकरी जुन्या कागदाच्या एका ओळीच्या वाचनावर अवलंबून राहण्याचा प्रसंग महाराष्ट्रांत एवढ्या प्रमाणावर पूर्वीं आल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. म्हणून तें वाचन कसें होतें, हा प्रश्न आमचाच आहे.

प्रथम या दफ्तराचें स्वरूप सांगणें अवश्य आहे. बीड जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. 1956 सालीं तो मुंबई राज्यांत व 1960 सालीं महाराष्ट्रांत आला. 1884 च्या सुमारास हैदराबाद दरबारानें फार्सी सोडून उर्दू ही कारभाराची भाषा केली, पण गांवच्या पटवाऱ्याचें लिहिणें मोडींतच चाललें. त्यामुळें एकाच शेताची हकीकत गांवीं मोडींत व वर कचेरींत उर्दूंत सांपडते. इनामांचा आधार म्हणजे मुंतखब, तोही उर्दूंत. ज्या खासरा पत्रकास लोक सरसकट ‘निजामी कागद’ म्हणतात, तें तर 1954-55 चें, म्हणजे निजामी राजवट संपल्यावर सहा वर्षांनीं झालेलें. नांवाची ही चूक लहान दिसते, परंतु सूचीकारानें ती उचलली म्हणजे कागदाचें वयच बदलतें.

कालगणनेची अडचण याहून मोठी. निजामी सरकारी फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या आरंभीं लागे. मराठी रयतेचा फसली सन मृगापासून चाले. आंकडा तोच, आरंभ निराळा. फसलींत 590 मिळविले कीं इसवी सन येतो, हें कोष्टक पाठ करून संगणकापुढें बसलेला कारकून अमरदाद 1357 चा कागद 1947 चा ठरवील. तो वस्तुतः जून 1948 चा आहे. अमरदाद हा आजूरपासून नववा महिना, हें त्याला कोणीं सांगितलेलें नसतें.

स्थलनामांचीही तीच गोष्ट. निजामी कागदांत अंबाजोगाई हें मोमिनाबाद या नांवानें येतें. आजच्या नांवानें शोध करणारास यंत्र ‘कांहीं मिळालें नाहीं’ असें निर्विकारपणें सांगेल व अर्जदार घरीं जाईल.

आतां लिपीकडे वळूं. मोडींत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद नाहीं, शब्द तोडलेले नसतात, व संक्षेप तर पदोपदीं. तरी मोडीचा जाणता अजून आपल्यांत मिळतो. उर्दू शिकस्त्याची स्थिति अधिक बिकट. ज्या शब्दासाठीं सारा शोध चालला आहे तोच घ्यावा. उर्दू वर्णमालेंत ‘ण’ नाहीं. म्हणून ‘कुणबी’ हा काफ, नून, बे व ये अशा चार अक्षरांनीं लिहिला जातो. शब्दाच्या मध्यभागीं नून व बे यांचा आकार एकच, एक लहानसा दांता. फरक केवळ नुक्त्याचा. नूनचा नुक्ता वर, बेचा खालीं. घाईनें लिहिणारा मुनशी नुक्ते गाळतो, व उकार तर बहुधा लिहीतच नाहीं. मग कागदावर राहतात दोन उघडे दांते. त्यांतून ‘कुणबी’ वाचणें हें काम रकान्याचें शीर्षक, शेजारच्या ओळी व त्याच हाताचे इतर कागद पाहूनच होतें. यंत्र त्या दांत्यांचें चित्र उत्कृष्ट घेतें, यांत संशय नाहीं. परंतु शोध घेणारा चित्र शोधीत नाहीं. चित्राखालीं कोणीतरी टंकिलेला शब्द शोधतो. तें टंकन म्हणजेच वाचन, आणि त्या वाचकाचें नांव कोठेंच नोंदलेलें नसतें.

गॅझेटियराचा आधार पुष्कळ जण सांगतात. 2 सप्टेंबर 2025 च्या शासननिर्णयानें हैदराबाद गॅझेटियराच्या अनुषंगानें चौकशीसाठीं गांवोगांव ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी व सहायक कृषी अधिकारी यांच्या समित्या ठरविल्या आहेत. 1909 च्या हैदराबाद गॅझेटियरांत बीड जिल्ह्याच्या सुमारें 4 लक्ष 92 हजार वस्तींत कुणबी 1 लक्ष 96 हजार दिले आहेत. ही मोजणी 1901 ची. तींत आंकडे आहेत, नांवें नाहींत. म्हणून अमुक घराण्याचा पुरावा पुन्हा त्या मोडी-उर्दू बासनांतच शोधावा लागतो.

सरकारास या कामाचा अनुभव नाहीं असें नव्हे. सातबारा संगणकावर चढविला तेव्हां हस्तलिखित व यांत्रिक उताऱ्यांत भेद निघाले. 2017 सालीं गांवोगांव चावडीवाचन करून ते शोधण्यांत आले. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची सोय 1966 च्या जमीन महसूल संहितेच्या 155 व्या कलमांत होतीच. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला. चावडीवाचन ही आमच्या मतें फार शहाणपणाची गोष्ट झाली. कारण आपलें नांव चुकीचें वाचलेलें ऐकून उठून उभा राहणारा खातेदार तेथें हजर होता. निजामी कागदांतील खातेदार आतां उठून बोलणार नाहीं. त्याच्या वतीनें मूळ कागदच बोलेल, जर तो शिल्लक राहिला तर.

शिल्लक न राहिल्यास काय होतें, याचें उदाहरण बीडनेंच पुरविलें आहे. कै. राजवाडे यांना ज्ञानेश्वरीची जुनी पोथी बीडच्या पाटांगण येथें मिळाली. ती त्यांनीं 1909 सालीं छापली, व पुढें 1960 ची सरकारी आवृत्ति त्याच पाठावर निघाली. मूळ पोथी आज उपलब्ध नाहीं. राजवाड्यांसारख्या वाचकाचा पाठसुद्धां त्यामुळें ताडून पाहण्याची सोय उरली नाहीं, आणि त्यावरील शंका मिटत नाहींत. मग रोजंदारीच्या टंकलेखकाच्या पाठाची काय कथा!

म्हणून आमच्या सूचना अशा. प्रत्येक चित्रासोबत अक्षरशः लिप्यंतर व भाषांतर हीं पृथक् द्यावीं. वाचकाचें नांव, बासनाचा क्रमांक व मूळ फसली मिती जशीच्या तशी लिहावी. संशयित अक्षर संशयित म्हणूनच दाखवावें. चित्र घेतल्यावर ‘आतां कशाला ठेवायचे’ म्हणून कागद काढून टाकूं नयेत. विहित रीतीवांचून सरकारी अभिलेख नष्ट करण्यास 2005 च्या महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमाचा प्रतिबंध आहेच.

दुसरी गोष्ट संग्राहकांस. पाटील-कुळकर्ण्यांच्या घरचीं दफ्तरें आपल्यापैकीं अनेकांच्या संग्रहीं आहेत, व अशा कागदांस आतां गिऱ्हाइकें येऊं लागतील. जेथें गिऱ्हाईक तेथें बनावट; खोट्या महजरांचा रोग जुनाच आहे. सुटा निघालेला कागद कितीही खरा असला तरी त्याची साक्ष दुबळी पडते. यासाठीं बीड, धारूर, मोमिनाबाद, गेवराई, आष्टी इकडील रुमाल ज्यांच्यापाशीं असतील त्यांनीं ते छायाचित्रासाठीं सोडण्यापूर्वीं कागदांचा क्रम, बांधणीचा दोरा, पाठीवरील शेरे व दफ्तर कोणत्या घरून आलें तें प्रथम लिहून काढावें, आणि त्या टिपणाची एक प्रत आमच्याकडे पाठवावी.