टेबलावरचा निसर्ग आणि डोळ्यांची सवय

१/९
चित्रपटातील व्हीएफएक्स पाहून आपण सहज म्हणतो, ‘अगदी खरे वाटते!’ पण ‘खरे वाटणे’ म्हणजे नेमके काय? या प्रश्नाचे एक उत्तर संगणकयुगाच्या कितीतरी आधी खान्देशात, चाळीसगावच्या एका बंगल्यात सापडते. #थ्रेड

२/९
केकी मूस (१९१२–१९८९). जन्म मुंबईचा, कलाशिक्षण इंग्लंडमधले. परतल्यावर त्यांनी चाळीसगावातील घरात स्वतःला जणू कोंडून घेतले. पुढे कित्येक दशके उंबरठा क्वचितच ओलांडला. छायाप्रकाशाचा स्वामी रेम्ब्राँ याचे नाव त्यांनी त्या घराला दिले होते.

३/९
त्यांची ख्याती ‘टेबलटॉप’ छायाचित्रणाची. या प्रकारात टेबलावर साध्या वस्तू मांडून अख्खे निसर्गदृश्य उभे करतात. वाळलेली डहाळी वृक्ष होते, मीठ बर्फ होते, खडा डोंगर होतो.

४/९
डोळा का फसतो? कारण तो आकार मोजत नाही. खुणांवरून अंदाज बांधतो. सूर्य फार दूर असल्याने त्याच्या सावल्या समांतर पडतात. जवळच्या दिव्याच्या सावल्या मात्र पंख्यासारख्या फाकतात. म्हणून दिवा दूर न्यावा लागतो.

५/९
दुसरी खूण स्पष्टतेची. जवळून टिपलेल्या लहान वस्तूची मागची बाजू धूसर होते आणि खेळणे उघडे पडते. त्यावर उपाय म्हणजे भिंगाचे छिद्र बारीक करून प्रकाश अधिक वेळ आत घेणे. निर्जीव वस्तू हलत नसल्याने हे साधते.

६/९
आता शेजारच्या नाशिक जिल्ह्याचे सुपुत्र दादासाहेब फाळके पाहा. ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) आधी, १९१२ मध्ये, त्यांनी ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला. कुंडीतील रोपाची एकेक चौकट दिवसेंदिवस टिपली. पडद्यावर रोप क्षणांत वाढले.

७/९
ही तुलना विलक्षण आहे. फाळक्यांची प्रत्येक चौकट खरी, तरी दृश्य जादूचे भासते; कारण रोप असे वाढताना डोळ्याने कधी पाहिलेले नाही. टेबलटॉपमधील प्रत्येक वस्तू खोटी, तरी दृश्य खरे भासते. कारण प्रकाश ओळखीचा आहे. वास्तवाचा आभास वस्तूत नसतो, तो पाहणाऱ्याच्या सवयीत असतो.

८/९
आजचे व्हीएफएक्स कलावंत हेच जाणतात. संगणकाने घडवलेले अतिस्वच्छ चित्र कृत्रिम वाटते, म्हणून ते त्यात मुद्दाम कॅमेऱ्याचे दोष मिसळतात: रवाळपणा, भिंगावरची तिरीप, किंचित धूसरता. ‘फोटोरिअलिस्टिक’ चित्र जगाची नव्हे, छायाचित्राची नक्कल करते.

९/९
इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे का कळावे? जुने छायाचित्र आपण पुरावा म्हणून हाती घेतो. ते खरे वाटते, एवढ्यावर विसंबणे पुरेसे नाही. प्रकाश कुठून आला, मांडणी कोणी केली, चौकटीबाहेर काय राहिले, हे प्रश्न कागदपत्रांइतकेच छायाचित्रालाही विचारायला हवेत. कधी चाळीसगावला गेलात, तर मूस यांचे कलादालन अवश्य पाहा आणि प्रत्येक चित्रापुढे थांबून आधी दिवा कुठे असेल ते शोधा.