कंबरदुखी : पट्टा, गोळी की चालणे? नवे संशोधन काय सांगते

कल्याण ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ५४ किलोमीटर. जलद लोकलनेही एका बाजूचा प्रवास तासाभराहून अधिक. बसायला मिळाले तर अनेकदा 'चौथी सीट', म्हणजे अर्धे शरीर बाहेर आणि एका पायावर भार. नाहीतर ठाणे येईपर्यंत गर्दीत अंग आखडून उभे राहणे. दिवसभर ऑफिसात खुर्चीवर, संध्याकाळी तोच प्रवास उलटा आणि स्टेशनवरून घरापर्यंत खड्ड्यांतून रिक्षा. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत कंबरदुखीची तक्रार घरोघरी ऐकू येते, ती उगाच नाही.

त्यावरचे उपायही ठरलेले आहेत. मेडिकलमधून गोळ्यांची स्ट्रीप, कंबरेला पट्टा, एमआरआय आणि आठवडाभर अंथरूण. गेल्या दहा-बारा वर्षांतील संशोधनाने यातील बहुतेक उपायांवर प्रश्नचिन्ह लावले आहे.

प्रश्न किती मोठा आहे?

जगात सर्वाधिक लोकांना अपंगत्वाकडे नेणारे दुखणे म्हणजे कंबरदुखी. २०२३ मध्ये 'लॅन्सेट ऱ्हुमॅटॉलॉजी'त प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार २०२० मध्ये ६१.९ कोटी लोकांना हा त्रास होता. २०५० पर्यंत हा आकडा ८४.३ कोटींवर जाईल, असा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सुमारे ९० टक्के रुग्णांमध्ये दुखण्यामागे एकच ठोस आजार दाखवता येत नाही. नव्याने उद्भवलेली कंबरदुखी बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत बरीच कमी होते. तीन महिन्यांहून अधिक टिकली, तर तिला जुनाट म्हणतात.

वेदना म्हणजे नेमके काय?

पूर्वी समज असा होता की जेवढी इजा, तेवढी वेदना. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 'गेट कंट्रोल' सिद्धांत मांडला. त्यानुसार मेंदूकडे जाणारे वेदनेचे संदेश मज्जारज्जूत कमी-जास्त केले जातात. लागलेल्या जागी चोळले की बरे का वाटते, याचे उत्तर त्यातून मिळते.

२०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना मिळाले. ज्युलियस यांनी मिरचीतील कॅप्सेसिन वापरून चेतातंतूंवरील उष्णतेची जाणीव देणारा घटक शोधला. ठेचा खाल्ल्यावर जीभ 'भाजते', ती याच घटकामुळे. काही प्रकारच्या नसांच्या दुखण्यावर कॅप्सेसिनचे मलम आता वापरले जाते.

वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. वेदना हा शारीरिक तसाच भावनिक अनुभव आहे आणि रुग्ण दुखते म्हणत असेल तर त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे, असे ती सांगते. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून 'तुला काही झालेले नाही' असे घरच्यांनी म्हणणे शास्त्राला धरून नाही.

एमआरआयमध्ये 'गादी सरकली' दिसली, म्हणजे घाबरायचे का?

लगेच नाही. २०१५ मध्ये कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. विशीतल्या ३७ टक्के आणि चाळिशीतल्या ६८ टक्के लोकांच्या मणक्यांतील गाद्या झिजलेल्या दिसल्या. चाळिशीतल्या निम्म्या लोकांची गादी थोडी बाहेर आलेली होती. म्हणजे हे बदल अनेकदा पांढऱ्या केसांसारखे वयाचा भाग असतात. धोक्याची लक्षणे नसताना घाईने केलेला एमआरआय खर्च वाढवतो आणि भीतीही. 'मणक्यात गॅप आहे' हे वाक्य ऐकून माणूस हालचाल बंद करतो आणि स्नायू आणखी कमजोर होतात.

गोळ्यांचा उपयोग किती?

• पॅरासिटामॉल : २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात १,६५२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, नव्या कंबरदुखीतून बरे व्हायला पॅरासिटामॉल घेणाऱ्यांना १७ दिवस लागले, तर औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांना १६. म्हणजे या दुखण्यात फरक जवळपास शून्य.

• डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या सूज कमी करणाऱ्या गोळ्या : थोडे दिवस यांचा उपयोग होतो. पण जास्त दिवस घेतल्यास पोटात अल्सर आणि रक्तस्राव, मूत्रपिंडावर ताण, रक्तदाबात वाढ आणि हृदयविकाराचा धोका संभवतो. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी त्या डॉक्टरांना न विचारता घेऊच नयेत.

• ओपिऑइड, म्हणजे अफूवर्गीय औषधे : २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत नव्या कंबर-मानदुखीच्या ३४७ रुग्णांचा समावेश होता. सहा आठवड्यांनंतर ओपिऑइड घेणाऱ्यांचे दुखणे दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा कमी झाले नव्हते. याच वर्गातील ट्रॅमाडॉल भारतात २०१८ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आहे.

अंगदुखीच्या अनेक गोळ्यांत दोन-तीन औषधे एकत्र असतात आणि त्यात अनेकदा पॅरासिटामॉल असते. त्याच दिवशी तापासाठी वेगळी गोळी घेतली, तर नकळत दुप्पट डोस जातो आणि यकृतावर भार येतो. त्यामुळे स्ट्रीपच्या मागचा मजकूर वाचणे गरजेचे आहे.

मग मॉर्फिन वाईट आहे का?

नाही. दुखणे कोणते, यावर ते ठरते. कर्करोगाच्या तीव्र वेदनांवर मॉर्फिन आजही अत्यावश्यक आहे. १९८५ च्या कडक कायद्यामुळे रुग्णालयांना ते ठेवण्यासाठी अनेक परवाने घ्यावे लागत. कित्येक रुग्ण वेदनाशमनाविना राहिले. २०१४ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि मॉर्फिनसह काही औषधांसाठी देशभर एकसारखे, सोपे नियम करण्याचा मार्ग मोकळा झाला.

ठाणे-कल्याण भागातील कर्करोगाच्या रुग्णांना वेदनाशमनासाठी परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय हा मोठा आधार आहे. वांद्र्याचे 'शांती अवेदना सदन' १९८६ पासून सुरू असून ते भारतातील पहिले हॉस्पिस मानले जाते. घरातील कर्करोगाच्या रुग्णाला 'सवय लागेल' या भीतीने मॉर्फिन नाकारू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते सुरक्षितपणे देता येते.

नवे औषध कोणते आले आहे?

अमेरिकेच्या औषध नियामकाने ३० जानेवारी २०२५ रोजी 'सुझेट्रिजिन' या गोळीला मान्यता दिली. ती ओपिऑइड नाही. वेदनेचा संदेश नेणाऱ्या चेतातंतूंमधील सोडियमचे एक विशिष्ट द्वार ती बंद करते. संदेश मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच अडतो, त्यामुळे व्यसन लागण्याचा धोका दिसत नाही. मात्र ही मान्यता शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसारख्या, अल्पकाळच्या दुखण्यासाठी आहे. सायटिकाच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत तिचा आणि दिखाऊ गोळीचा परिणाम जवळपास सारखाच आला. त्यामुळे 'कंबरदुखीवर जादूची गोळी आली' असे फॉरवर्ड आले, तर विश्वास ठेवू नये.

जागतिक आरोग्य संघटना काय सुचवते?

डिसेंबर २०२३ मध्ये संघटनेने जुनाट कंबरदुखीवर पहिली मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. व्यायाम, दुखणे समजावून सांगणे, मानसोपचाराच्या काही पद्धती, मसाज आणि गरजेनुसार सूज कमी करणारी औषधे यांना तिने अनुकूलता दर्शवली. कंबरेचे पट्टे, ट्रॅक्शन आणि ओपिऑइड यांचा नेहमीच्या उपचारात वापर करू नये, असे सांगितले.

मनाच्या उपचाराचा परिणामही मोजला गेला आहे. अमेरिकेत १५१ जुनाट रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, दुखणे म्हणजे इजा नव्हे हे मेंदूला नव्याने शिकवणारा चार आठवड्यांचा उपचार दिला गेला. त्यानंतर ६६ टक्के रुग्ण वेदनामुक्त किंवा जवळपास वेदनामुक्त झाले. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्के होते.

चालण्याने खरेच फरक पडतो?

पडतो. २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत, नुकतेच कंबरदुखीतून बरे झालेले ७०१ जण होते. अर्ध्यांना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू चालणे वाढवायला सांगितले. उद्दिष्ट होते आठवड्यातून पाच वेळा, अर्धा तास. दुखणे परत येण्याचा मध्य कालावधी चालणाऱ्यांमध्ये २०८ दिवस आणि इतरांमध्ये ११२ दिवस निघाला.

लोकलने जाणाऱ्याला हे जमवता येते. घर जवळ असेल तर स्टेशनपर्यंत रिक्षाऐवजी चालत जाणे, ऑफिसात दर अर्ध्या-पाऊण तासाने उठणे, सुट्टीच्या दिवशी मासुंदा तलाव किंवा घराजवळच्या मैदानाला फेऱ्या मारणे. उसण भरली तरी पूर्ण झोपून राहू नये. झेपेल तेवढी हालचाल सुरू ठेवावी.

डॉक्टरांकडे ताबडतोब कधी जावे?

• लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, किंवा जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा आला
• पायातील ताकद कमी होत चालली
• ताप, रात्रीचा घाम किंवा वजन घटणे सोबत असेल (मणक्याचा क्षयरोग अशी लक्षणे देऊ शकतो)
• पूर्वी कर्करोग झाला असेल
• पडल्यानंतर किंवा अपघातानंतर दुखणे सुरू झाले, विशेषतः उतारवयात

यातील पहिली दोन लक्षणे दिसली तर उद्याची वाट पाहू नये. ठाणे महापालिकेचे कळव्यातील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय, जे जवळ असेल तिथे त्याच दिवशी दाखवावे. अशा वेळी नसेवरचा दाब लवकर कमी झाला नाही, तर कायमचे नुकसान होऊ शकते. बाकीच्या बहुतांश कंबरदुखीत घाबरून झोपून राहण्यापेक्षा उठून चार पावले टाकणे अधिक उपयोगी ठरते.